जिन्यातल्या ट्यूब काढून एलईडी लावताय? आधी पट्टी उघडून वायरिंग बघा

मीटररूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमची सोसायटी आहे, जुनी, तीन विंग, चार मजले, लिफ्ट नाही. जिने, पॅसेज, पार्किंग, पंपरूम सगळं मिळून ४६ ट्यूबलाईट. पत्र्याची पट्टी, आत जाडजूड चोक, बाजूला स्टार्टर, अशा जुन्या पद्धतीच्या. मागच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला की सगळ्या एलईडी करायच्या, पण पट्ट्या धड आहेत तर त्या तशाच ठेवू, नुसत्या ट्यूब बदलू, खर्च कमी. एकाला काम दिलं, त्याने दोन दिवसात उरकलं, जिने लखलखीत झाले, सगळे खूष.

आठ महिन्यांनी बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरची एक ट्यूब गेली. वॉचमन मामा गेली पंधरा वर्षं ट्यूब बदलतायत, त्यांना ते काही नवीन नाही. मीटररूममधे जुन्या साध्या ट्यूब पडून होत्या त्यातली एक घेतली, घोडा लावला आणि चढले. अख्ख्या जिन्याला एकच स्विच आहे, तो बंद केला तर सगळा जिना अंधारात जातो आणि लोकांची ये-जा चालू असते, म्हणून लाईट चालू असतानाच ट्यूब फिरवली. फट्ट असा मोठा आवाज, टोकाला जाळ, एमसीबी पडला, आणि मामा काळोखात घोड्यावर. पाय सरकला. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं.

ते झाल्यावर मी रजा टाकून ४६ च्या ४६ पट्ट्या ओळखीच्या वायरमनकडून उघडून घेतल्या आणि शेजारी उभं राहून बघितल्या. त्यात जे दिसलं त्यामुळे हा धागा काढतोय. एकाच सोसायटीत तीन प्रकारची वायरिंग निघाली. काही पट्ट्यांत चोक काढून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या होल्डरला दिलेले. काहींत फेज एका टोकाला, न्यूट्रल दुसऱ्या टोकाला. काहींत चोक तसाच, नुसता स्टार्टर उपटून काढलेला. कुठल्या पट्टीत काय आहे हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही, एका पट्टीवरही खूण नाही, चिठ्ठी नाही. आणि सी विंगमधे तर स्विचमधून फेजच्या जागी न्यूट्रल तोडलेला, म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरला फेज आहेच!

मामा ज्या पट्टीवर चढले ती पहिल्या प्रकारची होती. साधी ट्यूब त्यात घातली की तिच्या टोकाच्या फिलामेंटला सरळ २३० व्होल्ट मिळतात, मधे अडवायला चोक नाही, मग दुसरं काय होणार.

तुमच्या बिल्डिंगमधे असं काम झालं असेल किंवा होणार असेल तर कृपया एकदा बघा. जाणकारांनी योग्य पद्धत काय तेही लिहावं, मी जमेल तसं इथे एकत्र करतो.

श्रावणी_के

बापरे, मामा आता कसे आहेत? मला एक बेसिक शंका आहे, चोक आणि स्टार्टर मुळात करतात काय? आमच्याकडे घरी दोन ट्यूब अशाच आहेत आणि मी फक्त ट्यूब विकत आणून घालणार होते.

सातारी_वायरमन

श्रावणीताई थांबा, नुसती आणून घालू नका, आधी वाचा.

साध्या ट्यूबमधे थोडासा पारा आणि आर्गॉनसारखा वायू असतो. थंड असताना त्यातून करंट सहज जात नाही. बटण दाबलं की आधी स्टार्टरमधली छोटी पट्टी तापून चिकटते, त्यामुळे ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंट लाल होतात, मग ती पट्टी गार होऊन सुटते आणि त्या क्षणी चोक मोठा व्होल्टेजचा दणका देतो. त्या दणक्याने ट्यूब पेटते. म्हणून ती आधी दोनचार वेळा लुकलुकायची. एकदा पेटली की स्टार्टरचं काम संपलं, काढून घेतला तरी ट्यूब चालूच राहते, पण चोक लागतो, कारण पेटलेली ट्यूब आवर नसेल तर करंट खेचतच सुटते. चोक म्हणजे तिचा लगाम. आतल्या पाऱ्याच्या वाफेतून निघतो तो अतिनील प्रकाश, डोळ्याला न दिसणारा, काचेला आतून लावलेली पांढरी पावडर त्याचा उजेड करते.

एलईडी ट्यूबला यातलं काहीच लागत नाही. तिच्या पोटात तिचा ड्रायव्हर असतो, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट, त्याला सरळ फेज-न्यूट्रल पाहिजे. म्हणजे दिसायला ट्यूब सारखी, पिना सारख्या, लांबी तीच चार फूट, पण आतला कारभार पूर्ण वेगळा. गोंधळ इथेच होतो. जी वस्तू एकाच होल्डरमधे बसते ती एकसारखीच चालणार असं माणसाला वाटतं, वॉचमन मामांची चूक काढूच नका.

मीटररूम

त्यांची चूक नाहीच, हे मी कमिटीतही ठासून सांगितलं. औषधपाण्याचा खर्च सोसायटीने केला. मामा बरे आहेत श्रावणी, कामावर आलेत, जड उचलायला मात्र डॉक्टरांनी अजून नको म्हटलंय.

नवखा_सेक्रेटरी

माझ्या घरी मी स्टार्टर काढला, एलईडी ट्यूब घातली, चालू झाली. वर्ष झालं. मग चोक काढायची गरज काय हे समजलं नाही.

सातारी_वायरमन

दादा, तुमचा चोक जुना जड, लोखंडी पट्ट्यांचा असेल आणि ट्यूब दोन टोकांवर चालणारी असेल, म्हणून चालली. फेज चोकमधून एका टोकाला येतोय, न्यूट्रल दुसऱ्या टोकाला आहे. चालतं, पण चोक उगाच थोडी वीज खातो आणि वीस-पंचवीस वर्षांचं जुनं इन्सुलेशन पट्टीत तसंच राहतं. काढून टाकलेला बरा.

पण वजनाला हलका, आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर अजिबात घालू नका. तो पन्नास हर्ट्झ देत नाही, हजारो हर्ट्झवर जास्त व्होल्टेज देतो, सरळ लाईनवर चालणारी एलईडी ट्यूब त्याच्यावर जळते. तो काढायचाच.

आणि दोन टोकांच्या ट्यूबची गोष्ट नीट ऐका. लाईन चालू असताना तुम्ही फेजकडचं टोक आधी बसवलं आणि दुसरं टोक हातात आहे, तर ड्रायव्हरमधून फेज त्या हातातल्या पिनांवर येऊ शकतो. तुम्ही घोड्यावर, एक हात पत्र्याच्या पट्टीला. या कारणाने मी एकाच टोकाला फेज-न्यूट्रल वाली ट्यूबच लावतो, दुसरं टोक फक्त आधाराला.

फ्रँकफुर्टकर

इथे जर्मनीत ऑफिसात हेच बघितलं. जुनी चोकवाली पट्टी तशीच ठेवतात आणि एलईडी ट्यूबसोबत खोक्यात एक वेगळा ‘एलईडी स्टार्टर’ येतो, दिसायला हुबेहूब साध्या स्टार्टरसारखा पण आत नुसता फ्यूज, म्हणजे ती वाट जोडून टाकायची. ट्यूबच्या एका टोकाच्या दोन पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात त्यामुळे न्यूट्रल त्या टोकातून, स्टार्टरमधून फिरून दुसऱ्या टोकाला पोचतो. वायर कापायची गरज नाही. युरोपियन युनियनमधे ऑगस्ट २०२३ पासून टी५ (बारीक) आणि टी८ (जाड) दोन्ही साध्या ट्यूब बाजारात आणायला बंदी आहे, त्यामुळे सगळ्यांना हे करावंच लागतंय.

सातारी_वायरमन

बरोबर, ती पद्धत चांगली आहे. फक्त एक, तीच ट्यूब सरळ फेज-न्यूट्रल दिलेल्या पट्टीत उलटी बसवली तर जोडलेल्या पिना फेज-न्यूट्रलवर येतात, म्हणजे सरळ शॉर्ट. ट्यूबच्या एका टोकाला खूण असते किंवा ‘इनपुट’ छापलेलं असतं, ते बघूनच बसवा. आपल्याकडे खोक्यातला कागद कोणी वाचत नाही, बायका-पोरं त्याचं विमान करतात. मी प्रत्येक गिऱ्हाईकाला तो पट्टीच्या आत चिकटवून देतो.

शिवणकला

मी शिवणकाम करते, माझा अनुभव वेगळा आहे पण विषयाला धरून आहे म्हणून लिहिते. मशीनच्या डोक्यावर स्वस्तातली एलईडी ट्यूब लावली, उजेड भरपूर. पण ब्लाउजपीसला दोरा मॅच करायला बसले की रात्री अगदी जुळलेला दिसायचा आणि सकाळी अंगणात बघितलं तर वेगळा. मरून आणि किरमिजीत तर फार फसगत. दोन गिऱ्हाइकांचे फॉल मला उसवून परत लावून द्यावे लागले. शेवटी मुलाने शोधून ९० सीआरआयची (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ट्यूब आणली, तिच्याखाली रंग बरेच खरे दिसतात. उजेड किती हे सगळे विचारतात, उजेड कसा हे कुणीच विचारत नाही. शिंप्याचं, साडीचं, रंगाचं दुकान असेल त्यांनी हा आकडा खोक्यावर बघून घ्याच, साध्या एलईडी ट्यूबला ८० च्या आसपास असतो.

मीटररूम

ताई, हे फार उपयोगी सांगितलंत. आमच्या बाजूने हिशोब देतो. साधी ट्यूब ४० वॅटची असली तरी चोक स्वतः १०-१२ वॅट खातो, म्हणजे खरा भार ५२ च्या आसपास. एलईडी २० वॅट. एका पट्टीमागे ३२ वॅट वाचले. आमच्या ४६ पट्ट्या रात्रभर १२ तास, म्हणजे दिवसाला साडेसतरा युनिट, महिन्याला ५३० युनिट. तुमच्या सोसायटीच्या बिलावर सगळे आकार धरून युनिट कितीला पडतं त्याने गुणून बघा. पैसे वाचतात यात वादच नाही, ते बदलायलाच पाहिजे होतं. माझं म्हणणं एवढंच की वाचलेल्या पैशातले चार पैसे वायरमनच्या नीट कामाला द्या.

नवखा_सेक्रेटरी

पण ४० वॅटच्या जागी २० वॅट, उजेड कमी पडत नाही का? आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक जिन्यात अडखळतात.

सातारी_वायरमन

नाही पडत. जुनी ४० वॅटची ट्यूब साधारण २४०० लुमेन (उजेडाचं माप) द्यायची, पण चारी बाजूंनी, त्यातला अर्धा उजेड वर पट्टीवर आणि छतावर. वापरून टोकं काळी पडली की त्याहून कमी. एलईडीची २० वॅटची ट्यूब दोन हजारच्या वर देते आणि सगळा खाली टाकते. खोक्यावर वॅट बघू नका, लुमेन बघा. जिन्याला मात्र दुधी कव्हरची घ्या, पारदर्शक कव्हरमधले दाणे डोळ्यात टोचतात, चढताना वर बघितलं की वयस्कर माणसाला पुढची पायरी दिसत नाही क्षणभर.

लेथवाला

भोसरीत छोटं मशीनशॉप आहे. इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, आपल्याला दिसत नाही, पण लेथच्या फिरत्या चकवर (नग पकडणारा भाग) दिसतं. तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला सव्वातेहतीस फेरे, म्हणजे दर झपकीला बरोबर एक तृतीयांश फेरा, आणि तिन्ही जबडे एकसारखे, त्यामुळे चक थांबल्यासारखा दिसू शकतो. नवीन पोरगं हात घालतं. म्हणून आमच्या वडिलांच्या काळापासून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायची पद्धत आहे.

एलईडी केली की हा त्रास गेला असं सगळे समजतात. स्वस्त ट्यूबमधे ड्रायव्हर नावालाच असतो, झपक्या तशाच, कधी जास्त. मोबाईलच्या स्लो मोशनमधे व्हिडिओ काढून बघा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर ती ट्यूब मशीनवर नको. मी प्रत्येक मालाचा एक नग आणून आधी हेच करतो. आणि लेथवर वेगळा चांगला दिवा असतोच, असायलाच हवा.

सातारी_वायरमन

लेथवाले दादा, सव्वा नाही, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. बाकी शंभर टक्के खरं.

लेथवाला

हो, बरोबर, घाईत लिहिलं. धन्यवाद.

माई_चिपळूण

आमच्या गावी संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूब पेटायचीच नाही, नुसती दोन टोकं लाल करून बसायची, मग आम्ही कंदील काढायचो. एलईडी आल्यावर तो त्रास संपला, व्होल्टेज बरंच पडलं तरी ती उजेड देते. पाऊस सुरू झाला की पंखवाल्या किड्यांची झुंबड ट्यूबखाली व्हायची, जेवणं अंधारात उरकायची, ती पण कमी झाली.

पण वैशाखातल्या विजा. गेल्या तीन वर्षांत पाच पट्ट्या गेल्या. एकदा खांबावरचा न्यूट्रल तुटला तेव्हा तर टीव्ही, फ्रिज, सगळ्या पट्ट्या एका झटक्यात. जुना चोक असलं सगळं सोसायचा हो, त्या ट्यूबने माझ्या सासूबाईंच्या काळापासून उजेड दिला. आता ढग गडगडायला लागले की मी मेन स्विच पाडते आणि बसते.

सातारी_वायरमन

माई, बरोबर करता. न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, कुठलाच साधा ड्रायव्हर टिकत नाही. पट्टी घेताना सर्ज (व्होल्टेजचा अचानक दणका) किती सोसते ते खोक्यावर लिहिलेलं असतं, अडीच हजार व्होल्ट किंवा जास्त बघून घ्या. मेनला सर्ज अरेस्टर बसवता येतो, त्याला अर्थिंग मात्र नीट पाहिजे, कोकणात कातळ असल्यामुळे तेच कठीण जातं. शिवाय बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी नंबर नसलेला माल फुकट दिला तरी घेऊ नका.

श्रावणी_के

माझी अजून एक शंका. आईकडे एलईडी पट्टी बंद केल्यावरही रात्री अगदी मंद चमकत राहते. आई म्हणते बिघडलीय.

सातारी_वायरमन

पट्टी बिघडलेली नाही. स्विचबोर्डात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. तसं नसेल तर मीटररूम साहेबांच्या सी विंगसारखं असेल, स्विच न्यूट्रल तोडतोय आणि फेज वर तसाच. टेस्टर असलेल्या माणसाला बोलवा, बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावा. पेटला तर आधी ते बदलून घ्या, आईला त्याआधी पट्टी पुसायला चढू देऊ नका.

श्रावणी_के

आजच फोन करते आईला.

मीटररूम

सी विंगमधे आमच्याकडे अगदी हेच दिसत होतं! तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा सांगितलं होतं की बंद केल्यावरही दिवा चमकतो, आम्ही मनावर घेतलं नाही. त्यांची मी माफी मागितली.

आता आम्ही काय केलं ते. ज्या पट्ट्यांचे होल्डर उन्हाने आणि वयाने कुडकुडीत झाले होते त्या १९ पट्ट्या पूर्ण काढून तिथे एलईडीची अखंड पट्टी लावली, आत बदलायला काही नाहीच, दोन स्क्रू आणि दोन वायर. बाकी २७ मधे चोक, स्टार्टर, स्टार्टरचा होल्डरसुद्धा काढला, म्हणजे पुढे कुणी स्टार्टर घालायच्या फंदात पडणार नाही. सगळीकडे फेज-न्यूट्रल एकाच टोकाला, आणि ते टोक सगळीकडे जिन्याच्या खिडकीच्या बाजूचं. पत्र्याला अर्थिंग दिलं, आधी एकालाही नव्हतं. प्रत्येक विंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. जिन्याचं स्विच दोन भागात केलं, एक बंद केला तरी दुसऱ्यावर उजेड राहतो, कारण मामा चालू लाईनवर का चढले याचं खरं कारण तेच होतं. आणि प्रत्येक पट्टीवर ठळक स्टिकर: ‘फक्त एलईडी. साधी ट्यूब घालू नये. आधी एमसीबी बंद करा.’ मराठीत आणि हिंदीत, कारण रात्रपाळीचे वॉचमन उत्तर प्रदेशचे आहेत.

नवखा_सेक्रेटरी

स्विच दोन भागात करायची कल्पना घेतली. काढलेल्या जुन्या ट्यूबचं काय केलंत? आमच्या भंगारवाल्याने चोक लगेच वजनावर नेले पण ट्यूब नको म्हणाला. सफाईवाले म्हणतात फोडून द्या, पिशवीत कमी जागा लागते.

फ्रँकफुर्टकर

कृपया फोडू नका!! आत पारा आहे, एका ट्यूबमधे काही मिलिग्रॅमच, पण पंचवीस-तीस ट्यूब बंद खोलीत फोडल्या तर वाफ श्वासात जाते आणि ती पहिल्यांदा फोडणाऱ्या सफाई कामगाराच्याच. पाऱ्याने काय होतं ते जपानमधल्या मिनामाता गावाने १९५६ पासून भोगलंय, त्याच गावाच्या नावाने आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे, आणि २०२३ मधे जिनिव्हात ठरलं की या साध्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची.

मीटररूम

आमच्याकडे ३१ ट्यूब साठल्या होत्या. भारतात या ट्यूब ई-कचऱ्यात मोडतात, २०१६ च्या नियमांपासूनच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साईटवर अधिकृत ई-कचरा केंद्रांची यादी आहे, त्यातल्या तिघांना फोन केला, दोघं ट्यूब घेत नाहीत म्हणाले, तिसरे घेतो म्हणाले पण काच अखंड हवी. नवीन एलईडीच्या खोक्यांतच जुन्या ट्यूब भरल्या, लांबी तीच असल्यामुळे नीट बसल्या.

एक ट्यूब भरताना फुटली. सगळ्यांना बाहेर काढलं, खिडकी उघडली, पंखा बंद केला, पंधरा मिनिटं कुणाला आत जाऊ दिलं नाही. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा केले, बारीक पावडर चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने उचलली, सगळं झाकणाच्या बरणीत. झाडू फिरवायचा नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही, त्याने पारा अजून पसरतो. आमच्या झाडूवाल्या मावशी झाडू घेऊन येतच होत्या, त्यांना दारातच थांबवलं आणि का ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेब, आम्ही तर वर्षानुवर्षं हातानेच गोळा करतोय, कुणी सांगितलंच नाही.

शिवणकला

हे वाचून पोटात कालवलं. आमच्या गल्लीतल्या मावशींना मी उद्याच सांगते.

सातारी_वायरमन

मीटररूम साहेब, स्टिकरवर अजून एक ओळ घाला: ‘फेज-न्यूट्रल खिडकीकडच्या टोकाला’. दहा वर्षांनी जो कोणी वायरमन चढेल त्याला तुम्ही भेटणार नाही.

मीटररूम

घातली. काल मामांनी स्वतः २७ पट्ट्यांवर पेनने लिहिली, घोडा मी धरला होता, एमसीबी पाडून. बुधवारी सकाळी १० वाजता केंद्राची गाडी ३० ट्यूब आणि बरणी न्यायला येतेय. खोक्यांवर ‘काच, आडवी ठेवा, आपटू नका’ लिहून मीटररूमला कुलूप लावलंय.